चावरा चाकू

फार पूर्वी, दोन नद्या ओलांडल्यावरच जिथं पोचता येई अशा डोंगराच्या कुशीत, घडीचे चाकू करणारा एक लोहार राहत होता. बाभळीची मूठ, तिच्यात मिटून बसणारं पातं आणि दोघांना धरून ठेवणारा एकच पितळी खिळा. गुराख्याच्या कमरेला, माळणीच्या टोपलीत, बोरू तासणाऱ्या पंतोजींच्या झोळीत, जिथं पाहावं तिथं त्याचाच चाकू दिसे. आणि त्याची एक ख्याती होती. त्याचा चाकू मिटताना कधी कुणाच्या बोटाला लागत नसे.

गावात एक रिवाज होता. चाकू विकला म्हणून लोहार त्यातून मोकळा होत नसे. दरवर्षी खंडेनवमीला सगळे चाकू त्याच्या अंगणात परत येत. तो धार लावी, ढिला खिळा ठोकून घट्ट करी, तेलाचे दोन थेंब सोडी आणि त्याचे काहीही घेत नसे.

"आज माझ्या लेकी माहेरी आल्यात," असं तो म्हणे आणि दिवसभर खुशीत असे.

पण संध्याकाळी अंगण रिकामं झालं की तो फाटकाशी उभा राहून नदीकडच्या वाटेकडे बघत बसे. एक चाकू चाळीस वर्षांत एकदाही आला नव्हता.

तो त्याचा पहिला चाकू. मिसरूड फुटायच्या वयात त्यानं तो घडवला आणि भाऊबीजेला थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या ताटात ओवाळणी म्हणून ठेवला. आक्कानं तो उघडला, मिटला आणि "आई गं!" म्हणून अंगठा तोंडात घातला. पात्याच्या बुडाशी एक कोपरा टोकदार राहून गेला होता.

"लोहाराची ओवाळणी! दात आलेत की रे हिला," ती म्हणाली.

"दे इकडं, आत्ता घासून देतो."

"राहू दे. सासरी गेले की नवमीला घेऊन येईन, तेव्हा दे नीट करून."

त्याच वर्षी तिचं लग्न झालं आणि ती दोन नद्यांपलीकडे गेली. पण सासर मोठं, माणसं कडक. नवमीला तिला कुणी पाठवलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. तिचा निरोप येई, "मला सोडत नाहीत. तूच ये." लोहार निरोप धाडी, "कामं फार आहेत. पुढच्या वर्षी नक्की." त्याला वाटे, आपल्या हातून बहिणीला इजा झाली, आता कुठल्या तोंडानं जायचं? चाकू आला की नीट करू, मग सगळं नीट होईल. तोवर तो प्रत्येक नव्या चाकूचा तो कोपरा घासघासून गोल करी. त्याची सगळी ख्याती त्या एका चुकीतून आली होती, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग एके वर्षी शहरातून एक व्यापारी आला. त्यानं माळणीचा चाकू दोन रुपयांना घेतला आणि शहरात दहाला विकला. हौशी लोक ते चाकू मखमलीवर मांडून ठेवू लागले. दहाचे पन्नास झाले, पन्नासाचे दोनशे. जितका कमी वापरलेला चाकू, तितका त्याला जास्त भाव.

त्या खंडेनवमीला लोहारानं अंगण सारवलं, तेलाची वाटी भरून ठेवली आणि वाट पाहत बसला. दुपारपर्यंत कुणीच आलं नाही. शेवटी माळीणच रस्त्यानं जाताना दिसली. नवा चाकू तिनं फडक्यात गुंडाळून उराशी धरला होता.

"आण की गं, धार लावतो."

"नको रे बाबा! कानस लागली की निम्मा भाव उतरतो."

"मग भाजी कशानं चिरतेस?"

"दातानं तोडते!" ती म्हणाली आणि हसत पुढं गेली.

लोहाराला मात्र हसू आलं नाही. तेलाची वाटी त्यानं तशीच उचलून आत नेली.

पुढं चार दिवसांनी तोच व्यापारी घाईघाईनं त्याच्या दारात आला. कनवटीच्या पिशवीतून त्यानं एक काळपट चाकू काढला.

"लोहारदादा, नीट बघा. हा तुमचा का?"

लोहारानं तो उघडला, मिटला, आणि त्याच्या अंगठ्याला कचकन चिमटा बसला. त्याचे डोळे भरून आले. "शेठ, हा कुठं मिळाला?"

"नदीपलीकडं. एका म्हातारीच्या मुलानं विकला, घर शाकारायला पैसे हवे होते म्हणून. म्हातारी बाजाराला गेली होती. तुमचाच आहे ना?"

"माझाच. माझा सगळ्यात वाईट चाकू."

"अहो, म्हणून तर!" व्यापाऱ्यानं टाळी वाजवली. "तुमचे न चावणारे चाकू शेकड्यानं आहेत. चावरा हा एकच. शहरातले एक सरदारसाहेब याच्यासाठी थैलीभर मोहरा द्यायला तयार आहेत. तुम्ही फक्त त्यांच्यापुढं सांगायचं, हा माझ्या हातचा. अर्धी थैली तुमची."

"सांगतो. पण आधी कोपरा घासू द्या. कानशीचे तीन हात, बस."

"वेड लागलंय का? तो कोपरा गेला की उरलं काय? कांदा चिरायचा चाकू!"

"मी कांदा चिरायचाच चाकू केला होता, शेठ."

व्यापारी चाकू ओढायला लागला. लोहारानं तो सोडला. मग आत जाऊन म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेली पेटी आणली. आत बारा कोरे चाकू होते.

"हे बाराही घ्या. तो एक मला द्या. नाही दिलात तर मी सरदारांकडे येणार नाही, आणि साक्षीवाचून तुमच्या चाकूला भंगाराचा भाव."

व्यापाऱ्यानं मनात हिशेब केला, पेटी बगलेत मारली आणि चाकू दिला. लोहारानं तिथंच कानस घेतली. एक, दोन, तीन. प्रत्येक हाताला व्यापारी असा विव्हळला, जणू कानस त्याच्याच पाठीवर चालली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे लोहारानं घराला कडी घातली. दोन्ही नद्या ओलांडून तो आक्काच्या दारात पोचला तेव्हा ऊन कललं होतं. पांढऱ्या केसांची एक बाई ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसली होती.

"आक्का," त्यानं हाक मारली.

तिनं डोळ्यांवर हाताची सावली धरून कितीतरी वेळ पाहिलं. हातातली काडी खाली पडली. त्यानं पुढं होऊन तिच्या तळव्यावर चाकू ठेवला.

"नवमीचा वायदा. उशीर झाला थोडा."

तिनं मूठ चाचपली. पातं उघडलं. अंगठा बरोबर त्या जागी ठेवून ते मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"हा माझा नव्हे."

"तुझाच गं."

"माझा चावायचा. रोज चावायचा. चावला की मी म्हणायची, आला बघा माझा भाऊ. पोरानं न विचारता विकला, तेव्हा आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही."

लोहार पायरीवर बसला. "मी तो नीट केला, आक्का. जवळचं होतं नव्हतं ते देऊन. तूच म्हणाली होतीस ना, नवमीला नीट करून दे?"

"अरे वेड्या! मला माहेरी यायला काहीतरी निमित्त नको का? चाकूला काय धाड भरली होती?" तिनं चाकू मांडीवर ठेवला. "मला कुणी सोडलं नाही. तुला कुणी अडवलं होतं?"

 चाळीस वर्षं लोहार एका लोखंडाच्या कोपऱ्याची खंत करत राहिला होता, आणि इथं चाळीस वर्षं कुणीतरी ओसरीवरून रस्ता बघत होतं.

आक्कानं पदरानं नाक पुसलं आणि भाजीची जुडी त्याच्यापुढं सरकवली.

"आलायस तर बस. देठं काढ. आणि सांग, आई शेवटी काय म्हणाली होती? मला कुणी नीट सांगितलंच नाही."

तो सांगू लागला. आईचं सांगून झालं, मग बाबांचं, मग अंगणातल्या त्या म्हशीचं, जी आक्काशिवाय कुणाला धार काढू देत नसे. भाजी निवडून संपली तरी दोघं रिकाम्या सुपापाशी बसून राहिली. नावाडी शेवटच्या फेरीसाठी हाका मारत होता. दोघांनीही ती हाक ऐकली, आणि कुणीच उठलं नाही.

तात्पर्य: ज्या माणसाची ओढ आहे त्याच्याकडे जायला, आधी सगळं नीट होण्याची वाट पाहू नये. आहे तसं, आजच निघावं.