येसूच्या परसातले अनोळखी फूल

एका राज्यात पद्मध्वज नावाचा राजा राज्य करीत होता, आणि त्याच्या बागांचा कारभारी होता रायाजी माळी. झाड दुरून पाहावे आणि नाव सांगून मोकळे व्हावे, अशी त्याची ख्याती. त्या ख्यातीनेच त्याचा घात केला.

झाले असे, की एके सकाळी रायाजीच्याच परसात, अळवाच्या वाफ्याशेजारी, एक रानफूल उमलले. पाकळ्या पाच, रंग फिका जांभळा, पाने वरून हिरवी नि खालून तांबडी. असे फूल राज्यात कोणी पाहिले नव्हते. त्याच घटकेला राजवाड्याच्या गच्चीवर तमाली जादूगारीण प्रकट झाली.

"राजा, तुझ्या आज्याने माझे रान तोडले. आता तुझ्या माळ्याच्या परसातल्या त्या फुलाची ओळख पटव. ते तिथेच का उगवले? त्याच्याकडे कोण येते? त्याचे नाव काय? चुकीचे नाव घेईल तो पाखरू होईल. बाराव्या दिवशी सूर्य मावळताच फूल कोमेजेल, आणि पाखरे कायमची पाखरेच राहतील."

रायाजीने कुंपणावरूनच डोकावून पाहिले. "हात्तिच्या! हा तर तेरडा!" म्हणाला, आणि त्याचा हुदहुद पक्षी झाला. पागोट्याचा तुरा तेवढा डोक्यावर तसाच राहिला. मग दरबारचे सात पंडित आले. उचलली जीभ लावली टाळ्याला! सातांनी सात नावे घेतली, सातांचे सात पोपट झाले, आणि आंब्यावर बसून माझेच खरे, माझेच खरे म्हणून भांडू लागले.

सहाव्या दिवशी राजा संतापला. "उपटून टाका ते!"

रायाजीची बायको येसू फुलापुढे उभी राहिली. "महाराज, फूल गेले तर माझे धनी परत यायचे नाहीत."

"मग नाव तू सांगशील?"

"नाव मला ठाऊक नाही. पण मला नीट पाहता येते. उरलेले दिवस मला द्या."

राजाने दिले. नाहीतरी दुसरे कोण पुढे येत होते?

रोप ओळखायचे तर आधी माती ओळखावी, ही माळ्यांची जुनी रीत. रायाजी मोठा झाला आणि ती रीत विसरला. येसू विसरली नव्हती. तिने खुरपे बाजूला ठेवले आणि बोटांनीच माती सारली. खाली काळीभोर, कुजल्या पानांची भुसभुशीत माती लागली, आणि तिच्याखाली गाडीच्या चाकाएवढा जुना बुंधा.

मग ती फुलाजवळ बसून राहिली. बागेतल्या मधमाश्या झेंडूवर गेल्या, या फुलाकडे एकही फिरकली नाही. तिच्या खांद्यावर बसलेला हुदहुद रोज काही ना काही विसरत होता. आधी गुलाब विसरला, मग कुदळ, मग स्वतःचे घर. नवव्या दिवशी त्याने मान वाकडी करून विचारले, "बाई, तू कोण?" पदरात तोंड घालून येसू पोटभर रडली, आणि डोळे पुसून पुन्हा फुलाजवळ येऊन बसली.

दहाव्या पहाटे निळ्या पाठीची एक रानमाशी आली. फुलात शिरली, बाहेर आली, उडाली. येसू तिच्या मागोमाग तीन शेते ओलांडून टेकडीवर गेली. तिथे तोडलेल्या रानातले एकच झाड उरले होते. फांदीला वेलींचा पाळणा टांगलेला, आणि तमाली तो रिकामा पाळणा झुलवीत बसलेली. येसू तशीच परतली. तिने मनाशी दिवस मोजले आणि हरभरे भिजत घातले.

बाराव्या दिवशी सूर्य कलताना तमाली परसात आली. राजाही आला.

"ते इथे का उगवले?"

"इथे रान होते म्हणून. खाली अजून बुंधा आहे."

"त्याच्याकडे कोण येते?"

"निळ्या पाठीची रानमाशी. तुझ्याच टेकडीवरून."

"नाव?"

येसू म्हणाली, "त्याला नाव नाहीच. आज त्याचा बारावा दिवस आहे. बाई, हे तुझे कोण?"

तमाली फुलाकडे पाहत म्हणाली, "या रानाचा राजा माझा भाऊ होता. हे त्याचे शेवटचे लेकरू."

"म्हणजे तू आत्या! बारशाला नाव आत्याने ठेवायचे असते. आम्हाला काय विचारतेस?"

इतकी वर्षे रागच सांभाळला होता तिने. आपण आत्या आहोत, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. ती मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. मग फुलाशी वाकली आणि त्याच्या कानात नाव सांगितले. "कुर्रर्र!" येसू म्हणाली, आणि तमालीने मोठ्याने पुकारले, "वनवंती!"

सूर्य मावळला, पण फूल कोमेजले नाही. आंब्यावरून सात पंडित धपाधप खाली पडले आणि पडल्या जागीच भांडू लागले. राजाने हात जोडले. "तुझी टेकडी तुझी. तिथे आता कुऱ्हाड चढणार नाही." येसूने सगळ्यांना घुगऱ्या वाटल्या. पंडितांनी दोनदा मागून घेतल्या.

आणि रायाजी? तो अळवाच्या वाफ्यात उभा होता, पागोटे सावरीत, समोरच्या बाईकडे पाहत. त्याने पुष्कळ वेळ पाहिले. या खेपेस घाई केली नाही.

"येसू," तो म्हणाला.