चामड्याचं की प्लास्टिकचं

"चामड्याचं घेऊ की प्लास्टिकचं, उस्ताद?"

उस्तादांनी वर पाहिलं नाही. हौदाच्या कडेला उकिडवं बसून ते पिराची हिरवी चादर धूत होते.

"उस्ताद..."

"ऐकलं."

दस्तगीर मुजावर. पोलीस प्रशिक्षण शाळेत नोकरीभर त्यांनी पोरांना पिस्तूल चालवायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या टेकडीवर आले आणि वाडवडिलांनी सांभाळलेल्या पिराची सेवा करू लागले. झाडलोट, दिवाबत्ती, चादर धुणं. शिकून गेलेली पोरं अजूनही टेकडी चढून यायची. कुणी बढतीचे पेढे घेऊन, कुणी काही विचारायला.

आज आली होती कस्तुरी पाटोळे. फौजदार. तिच्या तुकडीत तिच्याइतका जलद हात कुणाचाच नव्हता, आणि हे सगळ्यांच्या आधी तिला स्वतःलाच माहीत होतं.

ती साध्या कपड्यांत होती. पायरीवर बसून तिने पिशवीतून कंबरेला पिस्तूल अडकवायची दोन होल्स्टर काढली. एक तपकिरी चामड्याचं, एक काळं, कडक प्लास्टिकचं.

"दोन्ही नवी?"

"दोन्ही. सोमवारी पिस्तूल परत मिळणार. चौकशी संपली."

"काय ठरलं?"

"माझी चूक नाही, असं ठरलं."

उस्तादांनी मान हलवली. चादर पाण्यात बुडवली, वर काढली.

"सगळे हेच विचारायला येतात," ते म्हणाले. "कशातून लवकर निघतं."

"मला ते नाही विचारायचं."

"मग?"

"कशात लवकर परत जातं... ते सांगा."

उस्तादांचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी वाळली होती.

"जुनं कसलं होतं तुझं?"

"चामड्याचं. वापरून वापरून मऊ पडलेलं."

"बदललं का नाहीस?"

"कंबरेला सवय झालेली. जीपमध्ये बसलं तरी टोचायचं नाही, चालताना आवाज नाही. अंगाचंच झालं होतं ते. फक्त पिस्तूल बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटायचं. परत घालायचं तर दुसऱ्या हाताने उघडून धरावं लागायचं."

"होय. चामडं म्हातारं झालं की तसं होतं."

"मी कधी मनावर घेतलं नाही. परत घालायची घाई कुणाला असते?"

टेकडीखालच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज पार विरला.

मग तिने सांगितलं.

नदीकाठच्या वीटभट्टीवर दरोड्यातला एक फरारी लपलाय, अशी खबर होती. त्याच्याजवळ गावठी कट्टा होता. भर दुपारी ती दोन शिपाई घेऊन गेली. विटांच्या राशीमागून एक माणूस बाहेर आला. उजवा हात सदऱ्याच्या आत.

"मी ओरडले, हात वर. त्याने मान डोलवली. हो हो, असं. आणि घाईघाईनं हात बाहेर काढायला लागला. माझा हात आधी निघाला."

"सदऱ्यात काय होतं?"

"आधार कार्ड. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. तो पलीकडचा, कर्नाटकातला. त्याला वाटलं, पोलीस कागद बघायला आलेत. एकच गोळी झाडली, उस्ताद. नेम चुकला नाही."

उस्तादांनी डोळे मिटले.

"नाव काय त्याचं?"

"यमनाप्पा."

"जिवंत आहे?"

"आहे. पोटातून शिरून मणक्याला लागली. दोन्ही पाय गेले."

हौदात वरच्या नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. ती त्याच्याकडेच बघत पुढे बोलली.

"त्याची बायको धावत आली. रत्नव्वा. कोपरापर्यंत चिखल, विटा थापतानाच उठलेली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पण तो घसरत होता. तिला एकटीला आवरेना. तिने वर पाहिलं. समोर मी."

"शिव्या दिल्या?"

"दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली... 'बाई, धर की गं.' गोळी मीच घातली, हे तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे. समोर बाईमाणूस दिसलं म्हणून म्हणाली. बाई, धर की."

"धरलंस?"

"हातात पिस्तूल होतं."

ती उठून उभी राहिली. उजव्या हाताने कंबरेशी काहीतरी खुपसत राहिली. तिथे काही नव्हतं.

"मी ते आत घालत होते. तोंड मिटलेलं. घातलं की बाहेर सरकायचं. डावा हात लावला, तरी बसेना. ती म्हणतच होती, धर की, बाई, धर की... आणि मी मान खाली घालून होल्स्टरशी झटत होते. शेवटी आमच्या नलवडे शिपायाने त्याला उचलून धरलं. मग तिने माझ्याकडे बघणंच सोडलं."

"चौकशीत हे विचारलं?"

"नाही. गोळीच्या आधीचं सगळं विचारलं. कुठं उभ्या होता, काय ओरडला, किती अंतर. नंतरचं कुणीच विचारलं नाही. डॉक्टरांना मीच विचारलं. ते म्हणाले, तेवढ्या वेळानं काही फरक पडला नसता."

"मग?"

"मग काही नाही, उस्ताद. मला झोप येत नाही."

तिने काळं होल्स्टर उचललं. त्याचं तोंड दोन्ही अंगठ्यांनी जोरात दाबून दाखवलं. ते जराही दबलं नाही.

"हे बघा. हे मिटत नाही. एका हाताने, न बघता पिस्तूल आत जातं. बसलं की टक्‌ असा आवाज येतो. हे असतं, तर मी तिला धरू लागले असते."

उस्तादांनी ओले हात लुंगीला पुसले. दोन्ही होल्स्टर घेऊन उलटसुलट पाहिली. चामड्याचं नाकाजवळ नेलं. प्लास्टिकच्या कडेवरून बोट फिरवलं.

"उन्हाळ्यात ही कड कंबरेला कापेल."

"कापू दे."

"चामडं घाम पितं. हे पिणार नाही."

"चालेल."

"तोंड मिटत नाही, हे मात्र खरं."

"म्हणजे हेच घेऊ?"

त्यांनी दोन्ही तिच्या हातात परत दिली आणि गुडघ्यावर हात टेकत उठले. चादर हौदातून वर ओढली. पाणी पिऊन ती चांगलीच जड झाली होती.

"एक टोक धर. पिळून घेऊ."

ती पुढे झाली. दोन्ही हातांत होल्स्टर. खाली हौदाभोवती सगळा चिखल. पायरीही ओली. पिशवी मागे राहिलेली.

"थांबा हं, उस्ताद. हे कुठंतरी ठेवते..."

"टाक खाली."

"चिखल आहे."

"टाक, पाटोळे."

तिने दोन्ही काखेत दाबायचा प्रयत्न केला. एक सटकलं, ते तिने वरच्यावर झेललं. तेवढ्यात म्हाताऱ्या हातांतून ओलं कापड सुटलं आणि पिराची चादर चिखलात पडली.

दोघेही तसेच उभे राहिले.

कस्तुरीने चादरीकडे पाहिलं. मग आपल्या भरलेल्या हातांकडे. होल्स्टरांना चिखलाचा एक ठिपकासुद्धा लागला नव्हता.

"टाकता आलं असतं," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता, की उस्तादांनी कान पुढे केला.

"पिस्तूल. खाली ठेवता आलं असतं. मऊ मातीच होती, उस्ताद. नलवडे शेजारीच होता, त्याने लक्ष ठेवलं असतं. नुसतं ठेवायचं आणि तिला धरायचं... मला सुचलंच नाही. तेव्हा नाही आणि इतक्या महिन्यांत एकदाही नाही. मी दुकानादुकानांतून होल्स्टर बघत फिरले."

उस्ताद पायरीवर बसले. बसले म्हणजे खचलेच.

"कसं सुचेल?" ते म्हणाले.

प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच एकदा तिच्या घामेजल्या हातातून पिस्तूल निसटून मैदानात पडलं होतं. रिकामंच होतं. उस्तादांनी सगळी तुकडी थांबवली. तिच्या हातात रायफल दिली, ती डोक्यावर धरायला लावली आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. वरून ओरडत राहिले, "हत्यार म्हणजे आई! आईला मातीत टाकतेस?" पोरं हसली होती. ती रडली नाही. फेऱ्या पुऱ्या केल्या. त्या दिवसानंतर तिचं हत्यार कधीच जमिनीला लागलं नाही. पुढे नेमबाजीचा कप तिला मिळाला, तेव्हा उस्तादांनी तीच गोष्ट सगळ्यांना कौतुकानं सांगितली होती.

"तुम्ही पळवलं होतं मला," ती आत्ता म्हणाली.

"आठवतं."

"खांदे सुजले होते."

"आठवतं, बेटा."

"बरोबरच होतं ते. पडलेलं हत्यार दुसऱ्याच्या हाती जातं, असं सांगायचात तुम्ही."

"सांगायचो. प्रत्येक तुकडीला सांगायचो. केव्हा टाकायचं, ते सांगायचं राहिलं."

दोन्ही होल्स्टर तिने वाकून चिखलात ठेवली. मग चादर उचलली, हौदात बुडवली आणि स्वतःच धुवायला बसली. उस्तादांनी तिला अडवलं नाही. पाणी गढूळ झालं, तिने बूच काढून ते वाहू दिलं, हौद पुन्हा भरला.

पिळताना दोघांनी दोन टोकं धरली. ती एका बाजूला पीळ देत होती, ते दुसऱ्या. उस्तादांची ताकद कमी पडत होती. तिने आपला पीळ सैल केला आणि त्यांच्या बेतानं हात चालवला. चादर दोरीवर पडली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं.

मग तिने होल्स्टर उचलली. प्लास्टिकचं रुमालाने पुसताच लख्ख झालं. चामड्याचा डाग मात्र निघेना. दोन्ही तिने पिशवीत टाकली.

"मग सोमवारी... यातलं कोणतं लावू?"

उस्ताद दोरीवरची चादर नीट करत होते. पाठमोरेच म्हणाले,

"ती माणसं अजून भट्टीवरच आहेत?"

"आहेत. भट्टीमागेच त्यांचं खोपट आहे. हंगाम संपेपर्यंत तिथंच राहणार."

"तू गेलीस?"

"साहेब म्हणाले, चौकशी संपेपर्यंत तिकडं फिरकू नको."

"चौकशी संपली म्हणालीस."

ती पायांकडे बघत राहिली. चपलांना चिखल लागला होता.

"जाऊन बोलू काय, उस्ताद? माफी मागू? तिने तोंड फिरवलं तर...? दारातच उभी राहीन मी. मला काही बोलताच येणार नाही."

उस्तादांनी चादरीची शेवटची चुणी हाताने सरळ केली. कापड वाऱ्याने फुगलं, खाली बसलं.

"गडी माणूस जड असतो, पाटोळे..." ते म्हणाले. "ती एकटी त्याला कुशीवर कशी वळवत असेल?"