एक ‘पा’ जास्त

“...पण आम्हीच का थांबायचं, सर? दर वेळी आम्हीच का?”

हा प्रश्न केळुसकरांनी ओसरीवर उभं राहून विचारला, की आत चुलीपाशी बसल्यावर, हे त्यांना पुढे कधीच नीट आठवलं नाही. आपला आवाज चढला होता, एवढं मात्र पक्कं आठवे. ज्या माणसापुढे तो जन्मात चढला नव्हता, त्याच्यापुढे चढला होता.

तो माणूस म्हणजे विश्वंभर सर. एके काळी सांगलीला तर्कशास्त्र शिकवायचे. मग सगळं सोडून हिमालयात गेले आणि सीमेवरच्या एका नदीकाठी दगडी घरात राहू लागले. अलीकडचा काठ आपल्या देशाचा, पलीकडचा शेजाऱ्यांचा. मध्ये एक झुलता पूल. दोन्ही काठांवर मोहरीची शेतं. गावातले लोक सरांना बाबा म्हणत, पाया पडत. सांगलीत त्यांच्या हाताखाली शिकलेले केळुसकर मात्र अजून ‘सर’च म्हणायचे.

डॉ. अच्युत केळुसकर कीटकशास्त्रज्ञ. मधमाश्या जगाव्यात म्हणून दोन्ही देशांनी करार करायचा ठरवला होता आणि आपल्या बाजूचे प्रमुख तेच होते. दुसऱ्या दिवशी पुलापलीकडच्या गावात सह्या व्हायच्या होत्या.

त्यांनी रुमाल उघडून सरांपुढे धरला. आत मेलेल्या मधमाश्या होत्या.

“तुमच्या ओसरीवरून गोळा केल्या. पाय ठेवायला जागा नव्हती.”

“पाहिल्यात मी.”

“मोहरी फुलात असताना फवारणी करायची नाही, असं ठरलं होतं. तोंडी का होईना, ठरलं होतं! आम्ही आमच्या शेतकऱ्यांच्या हातापाया पडून थांबलो. आणि यांनी ऐन फुलात औषध मारलं.”

“औषध म्हणतोस त्याला?”

“सगळे तसंच म्हणतात, सर.”

“सगळे म्हणू देत. तू कीटकशास्त्रज्ञ ना?”

केळुसकरांनी रुमालातल्या माश्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, “विष मारलं.”

“हं. पुढे?”

“पुढे काय? उद्या याच लोकांच्या गळ्यात हार घालायचा, फोटो काढायचा, हसायचं. माझ्या अंगाचा तिळपापड होतोय.”

“मग जाऊ नकोस.”

हे उत्तर केळुसकरांना अपेक्षित नव्हतं.

“असं कसं? या करारापायी डोक्यावरचे केस गेले माझे.”

“ते सांगलीतच गेले होते.”

सर हसले. केळुसकर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून मसुदा काढला. ते कुठलाही मसुदा आधी मराठीत लिहीत, मग इंग्रजीत. सरांचीच शिकवण ती... जे मायबोलीत खोटं वाटेल, ते परक्या भाषेतही लिहू नये.

“मी तोड काढली आहे, सर. आधी होतं की दोघांनी मिळून राखण करायची. एकमेकांच्या शेतात जाऊन बघायचं, चुकलं तर जाब विचारायचा. त्यावरूनच गाडं अडलं होतं. ते म्हणत, तुम्ही कोण आम्हाला विचारणार? काल ही ओसरी बघितली आणि म्हटलं, बास. ते कलमच काढलं. आता एकच वाक्य आहे. ऐका. ‘दोन्ही देश आपापल्या मधमाश्यांचे रक्षण करतील.’”

सरांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

“त्यांनी त्यांच्या बघाव्यात, आम्ही आमच्या बघू. विष मारतील तर मरतील त्यांच्या! निरोप गेला मात्र, दोन्हीकडची सरकारं लगेच कबूल.”

“लगेच?”

“एक शब्द न काढता.”

“मग वाक्य फारच चांगलं असणार,” सर म्हणाले. “अंमल आजपासून करू या.”

ते उठले. चुलीशेजारी लिंपायला भिजवलेली माती होती. तिचा मोठा गोळा हातात घेऊन ते बाहेर पडले. केळुसकर मागोमाग.

त्या भागात घर बांधताना मधमाश्यांसाठी भिंतीतच पोकळी ठेवतात. आतून लाकडी फळी लावायची, बाहेरून बोट जाईल एवढं भोक. माश्या बाहेरून ये-जा करतात आणि घरातल्यांना भिंत गुणगुणताना ऐकू येते. सरांच्या भिंतीतलं ते भोक नदीकडे होतं.

सरांनी भोकावर मातीचा गोळा थापला आणि अंगठ्याने दाबून बसवला.

भिंतीतला आवाज चढला.

“सर, हे काय करताय?”

सर ओसरीच्या कडेला जाऊन बसले. मातीचे हात तसेच.

नदीवरून माश्या परतत होत्या. एक आली, भोकाच्या जागी उतरली, मातीवर फिरली. दुसरी आली. मग येतच राहिल्या. पायांना पिवळा पराग लागलेला, ओझ्याने जड झालेल्या. मातीच्या गोळ्यावर त्यांचा थर झाला. त्यांच्यावर आणखी येऊन बसल्या. काही दमून खाली पडल्या आणि जमिनीवर चालू लागल्या.

“सर, पुरे. काढा ते.”

“का?”

“त्या बाहेर राहिल्या!”

“कोण?”

“कोण म्हणजे? आपल्या माश्या...”

“त्या पलीकडून येतायत, अच्युता. पायांना बघ, त्यांची मोहरी आहे. आपापल्या त्या आत आहेत. सुखरूप.”

 केळुसकर पुढे झाले आणि बोटांनी माती उकरू लागले. माती घट्ट बसली होती. त्यांनी नखं घातली. भोक मोकळं झालं तशी आतली एक बाहेर आली आणि त्यांच्या मनगटाला डसली.

“स्स!”

“कुठल्या देशाची?” सरांनी विचारलं.

“चेष्टा करू नका, सर!” केळुसकर ओरडलेच. डोळ्यांत पाणी होतं, ते डंखाचं की कशाचं कोण जाणे. “चेष्टेचा विषय नाही हा. त्यांनी विष मारलं. शब्द देऊन मारलं. उद्या विचाराल तर कानांवर हात ठेवतील. आणि तुम्ही मलाच धडे देताय!”

सर उठले. 

“मला राग आला नाही असं वाटतं तुला? कालपासून या ओसरीवरून झाडू फिरवायचा धीर होत नाही मला. पायाखाली येतील म्हणून परसदाराने ये-जा करतोय. अरे, ज्याने हे केलं त्याला कॉलर धरून विचारलं पाहिजे! पण तू विचारणार कसं? त्यांच्या माश्या, त्यांचं विष. तूच लिहून दिलंस.”

केळुसकर भिंतीला टेकले. मनगट सुजू लागलं होतं. माश्या एकेक करून आत चालल्या होत्या.



“वाच पुन्हा,” सर म्हणाले.

“‘दोन्ही देश आपापल्या मधमाश्यांचे...’”

“एक ‘पा’ जास्त झालाय.”

केळुसकरांनी कागदाकडे पाहिलं. ओठांतल्या ओठांत तो शब्द एक ‘पा’ गाळून म्हणून पाहिला. मग, शेवटी तर्कशास्त्राचेच विद्यार्थी ते, म्हणाले, “पण सर, ‘आपल्या’चे दोन अर्थ होतात. ज्याच्या त्याच्या, नाहीतर दोघांच्या मिळून.”

“होतात. तू कुठला घेतोस?”

दुसऱ्या दिवशी केळुसकर पूल ओलांडून गेले. सह्या करायला हार-तुरे घेऊन माणसं बसली होती. त्यांच्यासमोर त्यांनी ते वाक्य मागे घेतलं आणि काढलेलं कलम परत ठेवलं... राखण दोघांनी मिळून करायची आणि जाबही दोघांनी एकमेकांना विचारायचा. मग रुमाल टेबलावर उघडला आणि फवारणी कोणी केली, असं सगळ्यांदेखत विचारलं.

पलीकडच्यांनी कानांवर हात ठेवले. आपल्या बाजूचेही संतापले, थोडे जास्तच. जुळलेलं मोडलं म्हणून केळुसकरांचं प्रमुखपद गेलं. करार झाला, पण पुढे कधीतरी, दुसऱ्याच कोणाच्या सहीने. ते कलम मात्र त्यात राहिलं.

त्या दिवशी आपण उगाच आळ तर घेतला नाही ना, ही टोचणी केळुसकरांच्या मनातून गेली नाही. म्हणून पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणी, काठी टेकत ते पलीकडच्या गावात गेले. ज्याच्या शेतात फवारणी झाली होती, तो शेतकरी भेटला. त्याने काही लपवलं नाही. चहा दिला आणि झालं ते सांगितलं.

पूल ओलांडून ते सरांकडे आले. सर आता अंथरुणाला खिळलेले होते. उशाशी भिंत गुणगुणत होती.

“सर, खात्री करून आलो. विष त्यांनीच मारलं होतं.”

सरांनी डोळे मिटले. त्यांना झोप लागली असं केळुसकरांना वाटलं.

“वाईट झालं,” सर म्हणाले. “आपल्या माणसांनी असं करायला नको होतं.”