पट्टीबाईंचा कान

हत्यारं आपसांत बोलायची, तेव्हाची गोष्ट. केतकीचं डावं मनगट दुखावलं आणि स्पर्धेच्या पिस्तुलाची वरची पट्टी तिला मागे ओढवेना. ती ओढल्याशिवाय गोळी चढत नाही.

"उद्या सकाळीही जमलं नाही, तर नाव मागे घेते," केतकी म्हणाली.

पट्टी धास्तावली. "पेचकसकाका, मला कढईसारखा कान बसवा. चांगला लांब!"

"बार उडाला की तू झटक्यात मागे येतेस, लांब कान तिच्या अंगठ्यावर आपटेल. आखूड घे."

"बरं. पण उजवीकडेच हं! शुभकार्य डाव्या बाजूला कोण करतं?"

पेचकसाने आखूड कान उजवीकडे बसवला. एवढी काळजी घेतल्यावर काय चुकणार, असं पट्टीला वाटलं. काळजी करणाऱ्यांना तसं वाटतंच.

सकाळी केतकीने रिकामं पिस्तूल उजव्या हातात धरलं. डावा हात पट्टीवर चाचपडला आणि निसटला. पिस्तूल ठेवून ती फोन आणायला आत गेली.

"पट्टीबाई," आखूड कान म्हणाला, "तिचा उजवा हात पिस्तुलाची मूठ धरण्यात अडकतो. मला ओढणार कोण?"

"अगोबाई! काका, डावीकडे लावा याला. लवकर!"

"आणि शुभकार्य?"

"ती फोन लावतेय हो!"

पेचकस गरागरा फिरला. फोन कानाला धरूनच केतकी आली, तो खाली ठेवून तिने पिस्तूल उचललं आणि शेवटचं एकदा म्हणून डाव्या हाताने कान ओढला. पट्टी सरकन मागे आली.

"हॅलो? हॅलो?" फोन बोलत राहिला. केतकी पुन्हा पुन्हा ओढून बघत होती.