सर्जेपूरचा हुकूम

कोंढार गावाला पूर्वी एका सुभेदारानं स्वतःचं नाव चिकटवलं होतं. जहागीरदार सर्जेरावांच्या आजोबांनी त्याला पिटाळून लावलं, गावाचं जुनं नाव परत आणलं आणि त्या दिवसापासून ते अभिमानानं स्वतःला कोंढारकर म्हणवू लागले.

पुढे नातवालाच हुक्की आली. सर्जेरावांनी येसाई पाथरवटणीला भर दरबारात बोलावून फर्मावलं, "वेशीवरचं नाव छिन्नीनं काढून टाक. उद्यापासून हे गाव सर्जेपूर!"

लोकांच्या माना खाली गेल्या. येसाई हात जोडून म्हणाली, "कोरते, सरकार. खाली हुकूम देणाऱ्याचंही नाव लागंल. आपलं पुरतं नाव सांगावं."

सर्जेरावांनी मिशीला पीळ दिला. "कोर, सर्जेराव भानजी कोंढारकर!"

"पण उद्यापासून कोंढार तर राहणार न्हाई. मग आपण कुठले म्हणून कोरू?"

"सर्जेपूर..." एवढं बोलून सर्जेराव अडखळले. पुढचा 'कर' काही त्यांच्या तोंडून निघेना.

येसाई ताठ मानेनं म्हणाली, "सरकार, ज्या गावानं आपल्या घराण्याला नाव दिलं, त्याला आपण काय नाव देणार?"

सर्जेरावांनी भिंतीवरच्या आजोबांच्या तलवारीकडे पाहिलं. मग आसनावरून उठत ते म्हणाले, "येसाई, वेशीवरची अक्षरं झिजलीत. तीच पुन्हा कोर, चांगली खोल."

दुसऱ्या दिवशी येसाईच्या हातोड्याचे घाव ऐकायला अख्खं कोंढार वेशीपाशी उभं होतं.