न भाजलेली पाटी

पूर्वी शाल्मलीनगरात राजा अनुरथ राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तेल्याच्या घरी जन्मला होता. वडिलांचे तेल आणि स्वतःची बोटे एवढ्या भांडवलावर तो नगराच्या चेंडूसंघातल्या खेळाडूंचे अंग रगडून देत असे. लोक त्याला मृदुपाणी म्हणत.

त्या काळी नदीकाठच्या सात नगरांत चेंडूचा खेळ फार आवडीचा होता. कातड्याचा चेंडू हात न लावता, पायाने ढकलीत मैदानाच्या टोकाला समोरच्यांनी दोन खांब रोवून केलेल्या वेशीतून पार न्यायचा. खेळाडू त्याच नगरातला असावा असा नियम नव्हता. करार संपला की तो मोकळा होई. पावसाळा सरला की असे मोकळे खेळाडू बायकोसह, गाठोड्यांसह गावोगाव फिरत, धर्मशाळेत उतरत आणि मन बसेल तिथे राहत.

करार कुंभाराच्या अंगणात होई. ओल्या मातीच्या पाटीवर संघाचा कारभारी आणि खेळाडू शेजारी शेजारी पंजा उमटवीत आणि पाटी त्याच दिवशी भट्टीत जाई. भाजलेली पाटी तीन वर्षे कुणालाही मोडता येत नसे, राजालाही नाही.

शाल्मलीनगराची वेस नऊ वर्षे भद्रशील नावाचा खेळाडू राखीत होता. त्याचा करार संपला तेव्हा त्याने पुन्हा तीन वर्षांसाठी पंजा उमटवला. शंबल नावाच्या कारभाऱ्यानेही उमटवला. पण शंबल हुशार होता. परतीच्या वाटेवर भद्रशील पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावतो, हे त्याने पाहिले.

"भट्टीला तडा गेलाय," तो कुंभाराला म्हणाला. "डागडुजी झाली की पाटी भाजू."

पाटीवर ओले फडके घालण्यात आले. दोन महिने रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडले जाई. मातीला ओल आहे तोवर बोलणे चालू आहे, असे शंबलाचे मत होते. त्याला तीनाचे एक वर्ष करायचे होते. मग एका वर्षाने भद्रशीलला संघाने दिलेले मैदानालगतचे घरही सोडावे लागले असते. त्या दोन महिन्यांत त्याच भट्टीतून गावाची मडकी, पणत्या आणि कौले बिनबोभाट भाजून निघत होती, ही गोष्ट निराळी.

त्या वर्षी मोकळे खेळाडू आले, आणि गेले. एकाला इथले पाणी सोसेना. एकाच्या सासूने नवस केला होता. एकाला तर इथला वारा डाव्या बाजूने येतो असे वाटले. शंबल प्रत्येकाला आधीच्यापेक्षा मोठे घर देऊ करी, जास्त गाई देऊ करी. पाहुणे हात जोडून ऐकत, जेवत आणि पहाटे निघून जात. कुंभाराचे अंगण धर्मशाळेच्या वाटेवरच होते. ते ओले फडके येताजाता सगळ्यांना दिसे.

शेवटी समुद्राकडून तिमिर आला. धावण्यात त्याच्या तोडीचा सात नगरांत कुणी नव्हता. त्याची बायको कुसुमिका. लग्नाला चार महिने झाले होते. पहिल्याच सकाळी ती खापरी घेऊन भद्रशीलच्या घरी विस्तव मागायला गेली. ओट्यावर मृदुपाणी भद्रशीलचा गुडघा रगडीत होता. आत भद्रशीलची बायको उत्पला चुलीपाशी होती.

"ताई, इथली माणसं कशी आहेत?"

"चांगली आहेत गं. पाणी गोड आहे. बाजारही जवळ."

"मग आम्ही राहावं म्हणता?"

उत्पलाने खापरीत निखारे घातले, वर थोडी राख पसरली. "राहा की. फक्त गाठोडी एकदम सगळी सोडू नकोस. आमचीही दोन महिने बांधलेलीच आहेत."

ओट्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. मृदुपाणीची बोटे तेवढी जरा हलकी झाली.

त्या दुपारी शंबल मृदुपाणीकडे आला. "उद्या महाराज विचारतील, भद्रशीलचा गुडघा कसा आहे. तुला ठाऊक आहेच. मी काही खोटं बोल म्हणत नाही. खरं तेवढं सांग. राजवैद्याची जागा रिकामी आहे, हेही तुला ठाऊक असेल."

"सांगेन," मृदुपाणी म्हणाला. "जे ठाऊक आहे ते सगळं सांगेन."

दुसऱ्या दिवशी राजाने सभेत विचारले. मृदुपाणीने भद्रशीलकडे एकदा पाहिले आणि म्हटले, "महाराज, हा गुडघा यंदाच्या वसंतोत्सवाचे सामने खेळेल. पुढच्या वर्षीचे खेळणार नाही."

भद्रशीलने मान खाली घातली. शंबलाने उपरणे नीट केले.

"पण ठाऊक आहे ते एवढंच नाही," मृदुपाणी म्हणाला. "गुडघा आपल्या वेशीत झिजला. पंजा उमटवताना गुडघ्याची अट कुणी घातली नव्हती. आणि मोकळे खेळाडू का थांबत नाहीत, हे कारभारी मला रोज विचारतात. तेल लावताना ते माझ्याशी बोलतात, महाराज. आपण देऊ केलेलं घर ते पाहत नाहीत. ज्यानं नऊ वर्षं दिली त्याच्याशी आपण कसं वागतो, ते पाहतात. प्रत्येकाला गुडघा आहे."

राजाने विचारले, "दोन वर्षं तो न खेळता काय करील?"

"वेस कशी राखायची ते नव्यांना शिकवील. काहीच केलं नाही, तरी शब्द तीन वर्षांचाच आहे."

राजा उठला आणि सगळ्यांना घेऊन कुंभाराकडे गेला. फडके काढले तर पाणी पिऊन पिऊन पंजे पसरून गेले होते. कुठला कुणाचा ते ओळखू येईना. कुंभार म्हणाला, ही भट्टीत फुटेल. नवी पाटी थापली गेली. भद्रशीलने पंजा उमटवला. शंबलाने हात मातीला नुसता टेकवला.

"कारभारी, जरा जोर लावा," भद्रशील हळूच म्हणाला, "नाहीतर पुन्हा यावं लागेल." शंबलालाही हसू आले. पाटी तेव्हाच भट्टीत गेली. राजवैद्याची जागा दुसऱ्याला मिळाली.

दुसऱ्या सकाळी तिमिर मृदुपाणीकडे आला. बसला, उठला, पुन्हा बसला.

"बुवा, डावा घोटा. गेल्या उन्हाळ्यापासून ठणकतोय. तीन नगरांत कुणाला कळू दिलं नाही."

"मग आज का सांगतोस?"

"आता इथं राहायचंय ना," तिमिर म्हणाला, आणि त्याने पाय पुढे केला.

ही कथा सांगण्याचे निमित्त असे: एका विहारात निवासाच्या जागा वाटून देणारा भिक्खू एका आजारी वृद्ध भिक्खूची कुटी दुसऱ्याला देऊ पाहत होता, आणि पाहुणे भिक्खू तिथे एका दिवसापेक्षा जास्त टिकत नव्हते. त्या वाटणाऱ्यालाच जवळ बसवून भिक्खूंचे गुरू भगवान शास्ते यांनी ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "तो राजा म्हणजे या विहाराला जमीन देणारा उपासक. भद्रशील म्हणजे कुटीतला वृद्ध, उत्पला म्हणजे त्याला रोज पेज आणणारी उपासिका. तिमिर आणि कुसुमिका म्हणजे काल आलेले दोघे पाहुणे. अंग रगडणारा मीच होतो. आणि भिक्खू, कारभारी तू होतास. तेव्हाही तू शेवटी हसलाच होतास." अशा रीतीने शास्त्यांनी सत्यपारमी, म्हणजे सत्याची परिपूर्णता, प्रकट केली, जी दुसऱ्याचे दुखणे जाणून बोलते.