वल्ह्याचा टोला

पूर्वी शोणपुरात विरोचन राजाचं राज्य होतं. त्या काळी बोधिसत्त्व नदीकाठच्या एका नावाड्याच्या घरी जन्मला. नदीच्या मधोमध वाळूचं बेट होतं. उन्हाळ्यात हजारो सुरय पक्षी तिथे उघड्या वाळूत अंडी घालायचे आणि लांबलांबून लोक बघायला यायचे. नावेच्या काठावर वल्ह्याचा टोला हाणला की सगळा थवा एकदम वर! आभाळ पांढरं व्हायचं, पाहुणे खूश, बक्षीस देऊन जायचे. त्यावरच नावाड्यांच्या चुली पेटायच्या. टोल्याची ही युक्ती काढली होती बोधिसत्त्वानेच, लहानपणी, गंमत म्हणून.

एका वैशाखात बेटावर पिल्लंच दिसेनात. बोधिसत्त्वाने एक अंडं फोडलं. आत पिल्लू उन्हाने शिजलं होतं. त्या दिवसापासून त्याने वल्हं आपटलं नाही.

आणि नेमका पुढच्या वैशाखात खुद्द राजाच आला. भर दुपारी, छत्रधारी आणि भालेवाले घेऊन बोधिसत्त्वाच्या नावेत बसला.

"उडव रे," राजा म्हणाला.

"नाही उडवणार, महाराज."

नावाड्यांचा म्होरक्या गोदत्त बोधिसत्त्वाच्या कानाशी कुजबुजला, "अरे येड्या, मुंडकं जड झालंय का? तुझ्यापायी आमच्या पण नावा जाळतील!" आणि त्याने स्वतःच वल्हं उचललं.

बोधिसत्त्वाने पटकन काठावर हात ठेवला, बरोबर टोला बसायचा तिथे.

"हाणा, काका. आधी माझी बोटं मोडतील."

गोदत्ताचं वल्हं हवेतच राहिलं. भाल्याचं टोक मात्र बोधिसत्त्वाच्या गळ्याला टेकलं.

"महाराज," तो म्हणाला, "उडालेला थवा परत बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ छत्राविना बसून दाखवा. जमलं, तर मीच टोला हाणतो."

"एवढंच?" राजा हसला. छत्र मिटलं, मुकुट उतरला. खाली चकचकीत टक्कल! छत्रधाऱ्याने ओठ चावला.

ऊन रणरणत होतं. टक्कल पिकल्या तोंडल्यासारखं लाल झालं, तरी राजा दात खाऊन बसलेला. राजा टिकला, तर वल्हं बोधिसत्त्वालाच उचलावं लागणार होतं.

"छत्र!" राजा एकदम ओरडला. "अरे मेलो, छत्र धर!"

बोधिसत्त्वाने बेटाकडे बोट दाखवलं. प्रत्येक अंड्यावर एक आई चोच वासून, पंख पसरून बसली होती.

"त्यांना तेवढं एकच छत्र आहे, महाराज."

राजा टक्कल चोळत बघत राहिला. मग त्याने भाला खाली घ्यायला लावला. "टोला बंद. नाव लांब उभी करायची, बेटाला पाय लावायचा नाही."

"मग बघायला येणार कोण?" गोदत्त पुटपुटला.

"मी येईन. मी आलो की मागून सगळे येतात."

त्या वर्षी वाळूत पिल्लं धावली, आणि गोदत्तच पाहुण्यांना लांबून बोट करून दाखवत होता.

एवढं सांगून भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तो राजा म्हणजे आपला आनंद. वल्हं उगारणारा गोदत्त म्हणजे उदायी. आणि आधी टोला शोधून मग त्याच जागी हात ठेवणारा नावाडी, तो मी. त्या हाताला करुणा म्हणतात."